स्नायू आकसतो कसा? पाठ करू नका, एक दोर घ्या

लातुरात अकरावी-बारावीच्या लेकरांना बायोलॉजी शिकवायलोय बरीच वर्षं, आणि दरवर्षी हाच एक धडा असाय की पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, ॲक्टिन मायोसिन ट्रोपोनिन सगळं बरोबर, पण मधीच थांबवून विचारलं की बाळा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, नेमकं कशाला लागतं, तर दहातली नऊ म्हणतात ओढायला. इथंच चुकतंय. ओढायला नाही, सोडायला लागतं. म्हणजे ओढायची ताकद त्यातूनच येती, पण ती आधीच भरून ठेवलेली असती, ते खाली सांगतो. हे एक कळलं की बाकीचा धडा आपोआप मागं येतो म्हणून मी आता पुस्तक उघडायच्या आधी दोर आणायला लावतो.

आडावर पाणी शेंदताना कुणाला बघितलंय का? आताच्या लेकरांनी नसंल बघितलं, मोटर आली. माझी आजी शेंदायची. दोन्ही हात, एका हातानं दोर धरायचा, छातीकडं ओढायचा, तेवढ्यात दुसरा हात पुढं जाऊन धरायचा, मग पहिला सोडायचा आणि परत पुढं. दोर काही आखूड होत नाही आणि आजीचे हात पण आखूड होत नाहीत, तरी पोहरा वर येतो. स्नायूत निसतं हेच चालू असतं. दोर म्हणजे ॲक्टिन, बारीक तंतू. हात म्हणजे मायोसिनची डोकी, जाड तंतूवर बसलेली. आजीला दोन हात होते, एका जाड तंतूत मायोसिनचे साधारण ३०० रेणू असतात आणि प्रत्येकाला दोन डोकी. सगळी डोकी एकदम सोडत नाहीत, काही धरून असतात तेव्हा काही सोडतात, म्हणून उचललेली बादली मधीच खाली घसरत नाही.

आता करून बघायचं. स्नायूत सार्कोमिअर नावाचे बारके तुकडे एकापुढं एक जोडलेले असतात, त्यातला एक तुकडा आपण बनवायचा. चार जण पाहिजेत, दोन दोर आणि दोन रिकामी पोती, आणि गुळगुळीत फरशी. दोघं मधी पाठीला पाठ लावून पाय रोवून बसा, ही झाली एम लाइन, म्हणजे तुकड्याची मधली रेघ, आणि जाड तंतू. उरलेले दोघं समोरासमोर दोन टोकाला पोत्यावर बसा, हे झेड लाइन, म्हणजे तुकड्याच्या दोन टोकाच्या रेघा. झेडवाल्यानं दोराचं एक टोक पोटाशी घट्ट धरायचं, दुसरं टोक मधल्याच्या हातात. आता मधल्यांनी आजीसारखं हात बदलत ओढायचं. पोत्यावरचे दोघं दोन्हीकडून घसरत मधी येतात, हसू येतं, येऊ द्या, पण त्यावेळेला तीन गोष्टी डोळ्यानं टिपा. मधल्या दोघांच्या एका हातापासून दुसऱ्याच्या हातापर्यंतचं अंतर बदललं का? नाही. तो ए बँड, म्हणजे जाड तंतूची लांबी. हाताच्या पुढं जो उघडा दोर दिसत होता तो कमी झाला का? झाला. तो आय बँडचा, म्हणजे निसत्या बारीक तंतूच्या पट्ट्याचा, अर्धा भाग, उरलेला अर्धा झेडच्या पलीकडं शेजारच्या सार्कोमिअरात असतो. आणि दोराची मोकळी टोकं पाठीकडं सरकून एकमेकांच्या जवळ आली, त्या दोन टोकांमधली रिकामी जागा म्हणजे एच झोन, ती पण कमी झाली. ए तसाच, आय आणि एच कमी. एकदा फरशीवर घसरलेलं पोरगं हे जन्मात विसरत नाही.

हे आज सोपं वाटतं, पण आधी कितीतरी लोकांना वाटायचं की प्रोटीनच घडी पडून आखूड होत असंल. १९५४ ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन पेपर आले, एक ए. एफ. हक्सले आणि निडरगेर्क यांचा, दुसरा एच. ई. हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा, दोघांनी वेगवेगळं काम करून हेच सांगितलं की तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. दोन्ही हक्सले नात्यातले नाहीत बरं का.

आता हातावर या, एकाच हातावर. मायोसिनच्या डोक्यावर एटीपी आधीच फुटलेलं असतं, त्याचे तुकडे एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही डोक्यावरच बसून, आणि डोकं ताणून तयार असतं, जसा हात पुढं लांबवून ठेवलाय. दोर धरला. फॉस्फेट सुटला की डोकं वाकतं आणि दोर ओढला जातो, हा पॉवर स्ट्रोक, साधारण १० नॅनोमीटर. मग एडीपी पण निघून जातं. आता हात रिकामा आहे पण मूठ घट्ट आहे, सुटत नाही! नवीन एटीपी येऊन बसलं तरच मूठ उघडते. मग ते एटीपी फुटतं, त्या ताकदीनं हात परत पुढं लांबतो. हे वहीत चार चित्रं काढून दाखवा, धरलं, ओढलं, अडकलं, सोडलं. अडकलं हे चित्र पोरं गाळतात आणि तिथंच मार्क जातात.

अडकलं म्हणजे काय हे मी माझ्या आजोबांच्या वेळेला बघितलं. ते पहाटे गेले, आणि गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं रडारड चालू असतानाच आधी त्यांचे हातपाय सरळ केले, हनुवटी फडक्यानं बांधली, मनला आता करा, नंतर होत नसतं. उन्हाळा होता. दुपारपर्यंत बोटं पण वाकंनात. एटीपी बनायचं बंद झालं होतं, कॅल्शियम पेशीत मोकळं झालं होतं (त्याचं काम खाली सांगतो), सगळ्या मुठी दोर धरून तशाच राहिल्या. हे मेल्यावर काही तासांत सुरू होतं, साधारण बारा तासांत पूर्ण अंग आखडतं, उष्णतेत लवकर, आणि मग प्रोटीनच तुटायला लागले की एक-दोन दिवसांत परत सैल पडतं. त्या म्हाताऱ्याला मायोसिन माहीत नव्हतं पण वेळ बरोबर माहीत होती.

आता प्रश्न असा की जिवंतपणी सगळे हात सारखे का ओढत नाहीत. कारण दोरावर ट्रोपोमायोसिन नावाची पट्टी असती, धरायच्या जागा झाकून ठेवती. ती पट्टी ट्रोपोनिन नावाच्या प्रोटीनला बांधलेली, आणि ट्रोपोनिनला कॅल्शियम चिकटलं की पट्टी बाजूला सरकती. कॅल्शियम ठेवलेलं असतं सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधी, म्हणजे पेशीतल्या कोठारात. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटाइलकोलिन नावाचं निरोपाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घ्यायच्या जागेला, बसतं, सोडियम आत घुसतं, करंट पेशीच्या वरून पळत टी ट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांमधून आत खोल जातो, तिथं कोठाराचं दार उघडतं आणि कॅल्शियम सुमारे शंभर पट वाढतं. हे सगळं काही मिलिसेकंदात.

ही वाट पाठ करताना कंटाळा येत असंल तर आपल्याकडचंच बघा. कपाशीवर, सोयाबीनवर फवारणी करणाऱ्याला ऑर्गॅनोफॉस्फेट औषध अंगात गेलं की अंग आपोआप फडफडायला लागतं, कारण ॲसिटाइलकोलिन तोडणारं एन्झाइम ते औषध बंद पाडतं, निरोप थांबतच नाही, आणि पुढं तेच स्नायू लुळे पडतात, श्वासाचे पण. मण्यारीचं उलटं, तिचं विष मुख्यतः मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतं, निरोप निघतच नाही. नागाचं विष रिसेप्टरच अडवून बसतं. म्हणून रात्री खाली झोपलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या जड पडल्या, उघडना झाल्या, तर चावल्याची खूण दिसो न दिसो, सूज असो नसो, तडक दवाखान्यात न्या, मांत्रिकाकडं वेळ घालू नका. पापण्यापासून श्वासापर्यंत जायला विषाला फार वेळ लागत नाही. हे परीक्षेत नाही आलं तरी चालंल, घरी सांगा.

शेवटचं राहिलं, सैल पडणं. निरोप थांबला की कॅल्शियम पंपानं परत कोठारात भरलं जातं, इथं पण एटीपी खर्च होतं, दोन कॅल्शियमला एक. पट्टी जागेवर येती, हात रिकामे राहतात. पण तेवढ्यानं आपला खरा, वाकवलेला हात सरळ होत नाही. आत्ता करून बघा, कोपर वाकवा, दुसऱ्या हातानं दंडाच्या मागं धरा आणि तळहात टेबलावर दाबत हात सरळ करा. मागचा स्नायू टणक लागंल, पुढचा सैल. पुढचा ढकलत नाही, त्याला ते येतच नाही, मागच्यानं ओढलं म्हणून तो लांबला. आडात पोहरा सोडताना पण आजी दोर ढकलायची नाही, पोहऱ्याच्या वजनानंच तो खाली जायचा.