सीएसएसडीच्या रजिस्टरवर सही करायच्या आधी

इंदूरात आपल्याकडची बरीच मुलंमुली आता हॉस्पिटलच्या सीएसएसडीत (ऑपरेशनची अवजारं धुऊन निर्जंतुक करायच्या विभागात) कामाला लागलीयत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. अवजारांचा ट्रे निर्जंतुक आहे की नाही हे डोळ्यांनी बघून कुणालाच कळत नाही, सर्जन तो उघडतो ते तुमच्या सहीच्या भरवशावर, आणि पेशंट तर बेशुद्धच असतो. म्हणून जे स्वतः बघितलं त्याचीच सही करायची. मागच्या शिफ्टचा कितीही जवळचा मित्र असो, "मी बघितलंय, तू फक्त सही मार" म्हणाला तरी नाही.

सुरुवात धुण्यापासून, कारण ऑटोक्लेव्ह (वाफेनं जंतू मारणारं मशीन) घाण काढत नाही. आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) पूर्ण उघडून भिंगाच्या लाइटखाली त्याचा सांधा बघा, तिथे तपकिरी ठिपका दिसला तर बहुतेक वाळलेलं रक्त असतं आणि त्याच्याखाली वाफ नीट पोचत नाही. पॅक झालेला असला तरी परत धुवायला पाठवा.

सकाळी पहिल्या लोडच्या (मशीनमध्ये एका वेळी लावलेल्या पॅकच्या) आधी रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक टेस्ट (आधी पंपानं हवा काढणारं प्री-व्हॅक्यूम मशीन असेल तर), शीटचा रंग सगळीकडे सारखा बदलला पाहिजे, मधे फिकट पट्टा राहिला म्हणजे हवा पूर्ण निघालेली नाही, मशीन बंद ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. सायकल संपली की प्रिंटआउट वाचा, 134 अंशावर किमान 3 मिनिटं किंवा 121 वर किमान 15, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तोच धरायचा. बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे काम झालं असं खूप जण समजतात, पण त्या रेघा एवढंच सांगतात की पॅक मशीनमधून जाऊन आलाय. पॅकच्या आतली इंडिकेटर स्ट्रिप (वाफ आत पोचली का हे दाखवणारी पट्टी) वेगळी असते, पॅक ओटीत (ऑपरेशन थिएटरात) उघडल्यावर ती बघायचीच असं सिस्टरांना सांगून ठेवा. पॅक ओला निघाला तर तो बाद.

आता सगळ्यात अवघड भाग. ओटीतून फोन येतो, "भैया, ट्रे जल्दी भेजो, पेशंट टेबल पे है," आणि तुमचं स्पोअर टेस्टचं (मशीनमध्ये चिवट जंतू ठेवून ते मेले का हे तपासायच्या टेस्टचं) रिझल्ट अजून यायचंय. साधा ट्रे असेल तर हॉस्पिटलच्या लिखित नियमाप्रमाणे चाला, पण प्लेट-स्क्रूसारखं इम्प्लांट असेल तर रिझल्ट येईपर्यंत थांबायचं. खरी इमर्जन्सी असली आणि सर्जन थांबूच शकत नसतील तर कुणी सांगितलं, किती वाजता, का, हे सगळं लिहून त्यांची सही घ्या, आणि रिझल्ट आल्यावर ओटीला कळवा. आवाज चढवू नका, पण नुसत्या तोंडी हुकमावर ट्रे सोडू नका.

आणि स्पोअर टेस्ट फेल आली तर? गुपचूप दुसरी लावून "पास" लिहायचा मोह होतो, मी हे होताना बघितलंय आणि मला अजून राग येतो. लगेच इन्चार्जना आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना सांगा, शेवटच्या पास टेस्टनंतरचे त्या मशीनचे सगळे लोड परत मागवा, जे वापरले गेले त्या पेशंटची यादी बनवा. हे शक्य होतं ते फक्त प्रत्येक पॅकच्या लेबलवर मशीन नंबर, लोड नंबर, तारीख असेल आणि ओटीत ते लेबल पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवलं असेल तरच. रजिस्टरमध्ये चूक झाली तर व्हाइटनर नको, एक रेघ मारा, बाजूला बरोबर लिहा, सही-तारीख टाका.

ड्यूटी बदलताना कुठली स्पोअर टेस्ट इन्क्युबेटरमध्ये आहे आणि कुठला लोड रोखून ठेवलाय हे पुढच्याला रजिस्टरमध्ये लिहूनच द्या, तोंडी सांगितलेलं रात्री 2 वाजता कुणाच्या लक्षात राहत नाही.