लँडलाइन आणि आयपी फोन जोडताना आलेला अनुभव

काकांच्या दवाखान्यात दोन जुन्या लँडलाइन आहेत. पेशंटना तेच नंबर तोंडपाठ, त्यामुळे ते बदलायचे नव्हते. आत मात्र ॲस्टरिस्कवर (कॉम्प्युटरला टेलिफोन एक्सचेंज बनवणारं सॉफ्टवेअर) चालणारे आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवरून बोलणारे फोन, बसवले.

पहिल्यांदा मी घाईत एफएक्सएस पोर्टचा अडॅप्टर आणला. तो साध्या फोनसाठी असतो. स्वतःच वायरीवर व्होल्टेज आणि रिंग देतो. एक्सचेंजची लाइनही तेच देते, त्यामुळे दोन्ही जोडले तर पोर्ट जळू शकतो. लाइन घ्यायला एफएक्सओ पोर्टच लागतो. खरेदीपूर्वी एवढं नक्की बघा. मग दोन एफएक्सओ पोर्टचा गेटवे, म्हणजे लँडलाइन आणि आयपी फोन जोडणारा डबा, घेतला. कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या पीसीआय कार्डाचा विचार सोडला, कारण नव्या कॉम्प्युटरला तो स्लॉटच नव्हता.

कॉल येऊ लागले, पण समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहायची. पेशंटना तासभर एंगेज लागायचा, याचं फार वाईट वाटलं. हँडसेट कानाला लावून टोन ऐकला: टूं... गप्प... टूं... गप्प. समोरच्याने फोन ठेवला हे गेटवे या टोनवरून ओळखतो, पण त्यात परदेशी टोन भरलेला होता. तिथे ४०० हर्ट्झ, ०.७५ सेकंद चालू, ०.७५ सेकंद बंद असं टाकलं. आता फोन ठेवल्यावर काही सेकंदांत लाइन सुटते. थोडा इको उरलाय, तो गेन (आवाजाची पातळी) कमी करून बघतोय.