पेटी, मृदंग, झांज आणि गेमची चिप: जुन्या व्हिडिओ गेमसारखी चाल कशी बसवावी

आधीच सांगतो, यासाठी काही विकत आणू नका. घरात पडलेला विंडोजचा जुना लॅपटॉप आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावर काम भागतं. पेटी असली तर उत्तम. मी कुडाळ भागात दशावतारात पायपेटी वाजवतो, त्यामुळे खालचं सगळं पेटीवाल्याच्या हिशेबाने सांगणार आहे. ज्यांना स्टाफ नोटेशन येतं त्यांनी मनातल्या मनात बदलून घ्यावं.

नव्वदच्या दशकात गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी टीव्हीला जोडायचा गेम आणायचे आणि त्यात एकेक ‘कॅसेट’ खोचायची असे, ते आठवतंय? तो डबा म्हणजे निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र १९८३ चं, जपानचं. १९८४ साली संगीतकार कोजी कोंदो निंटेंडोत लागले आणि पुढच्याच वर्षी सुपर मारिओ ब्रदर्स आला. त्या अख्ख्या गेमची कॅसेट ४० किलोबाइटची. चित्रं, उड्या, शत्रू आणि संगीत सगळं त्यातच. आज व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो त्याहून जड असतो.

फॅमिकॉमला जोडायचा एक कीबोर्ड आणि फॅमिली बेसिक नावाची कॅसेटही १९८४ चीच. त्यात ‘प्ले’ असा हुकूम देऊन स्वरांची अक्षरं टाइप केली की यंत्र वाजवत असे, आणि लिहिलेलं साध्या टेपरेकॉर्डरवर साठवता येई. त्या पुस्तिकेतला संगीताचा भाग कोंदोंनीच लिहिला होता. गेमसाठी मात्र शेवटी प्रत्येक स्वराचा आकडा करून तो प्रोग्रॅममध्ये घालावा लागे. तिकडे इंग्लंडात कॉमोडोर ६४ या घरगुती संगणकावर गेमचे संगीतकार रॉब हबर्डही असंच करत. संगीत चालू ठेवून पडद्यावरचे आकडे बदलायचे आणि चार-चार बारचे (पाश्चात्त्य आवर्तनांचे) तुकडे जमवत जायचे.

आपल्याला एवढं करायचं नाही. फॅमिकॉमच्या आवाजात संगीत लिहायचं फॅमिट्रॅकर हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मोबाइलवरच करायचं असेल तर फॅमिस्टुडिओ अँड्रॉइडवरही चालतं आणि दिसायलाही सोपं आहे. तरी सुरुवात फॅमिट्रॅकरने करा, कारण त्यात वरून खाली ओळी असतात आणि ओळी मोजणं म्हणजे मात्रा मोजणं.

उघडलं की पाच उभे रकाने दिसतील. पहिले दोन चौकोनी लहरीचे, तिसरा त्रिकोणी लहरीचा, चौथा नुसत्या खरखरीचा, पाचवा रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांचा. पाचव्याकडे सध्या बघूच नका, सुपर मारिओतही तो वापरलेला नाही. उरले चार. रात्रभराचं आख्यान आम्ही पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर ओढतो, त्यामुळे मला तरी चार भरपूर वाटतात. चौकोनी दोघांना पेटी द्या, त्रिकोणीला मृदंगाचा घुमारा, खरखरीला झांज.

चाल आधी पेटीवर पक्की करा. लॅपटॉपपुढे बसून चाल शोधायला गेलात की बोटं माउसवर जातात आणि चाल राहून जाते. मग स्पेसबार दाबून लिहिण्याच्या अवस्थेत या. झेड ही कळ म्हणजे पांढरी एक, एस म्हणजे काळी एक, एक्स पांढरी दोन, डी काळी दोन. पुढचं तुमच्या बोटांना आपोआप कळेल. एंटर दाबलं की वाजतं. स्वर तोडायचा असेल तिथे १ ही कळ.

आता ताल. सुरुवातीला एका पानात ६४ ओळी असतात आणि वेग ६ असतो, म्हणजे सेकंदाला १० ओळी. मात्रेला चार ओळी धरल्या तर केरव्याची आठ मात्रांची दोन आवर्तनं एका पानात बरोबर बसतात. दादऱ्याला पान ४८ ओळींचं करा, रूपकाला ५६. हे न करता दादरा ६४ मध्ये कोंबला तर सम दर पानाला सरकते आणि आपलं काय चुकतंय तेच कळत नाही.

सहाच्या वेगाला मिनिटाला १५० मात्रा पडतात. नवख्याला हे फार. आमच्या मृदंगवाल्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “वायच हळू घे रे.” परिणामाच्या (इफेक्ट) रकान्यात एफ०८ लिहिलं की लय साधारण ११२ वर येते. युद्धाचा प्रसंग असेल तर एफ०५, म्हणजे १८०. मारिओत वेळ १०० च्या खाली गेला की चाल एकदम पळायला लागते ना, राक्षस रंगमंचावर आला की आम्हीही तेच करतो.

पेटीचा आवाज बनवताना चौकोनी लहरीची रुंदी निवडता येते: साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. पंचाहत्तर आणि पंचवीस कानाला सारखेच लागतात, तेव्हा खरे तीनच. साडेबारा टक्क्यांचा आवाज नाकातला, सनईकडे झुकणारा. पन्नासचा पोकळ आणि गोल. माझी पसंती पंचवीसला. आवाजाची पातळी ० ते १५ असते, पण ९ नंतर यंत्र ए, बी, सी असं मोजतं आणि १५ ला एफ लिहितं.

दुसऱ्या चौकोनी आवाजाचं काय करायचं, इथे बहुतेक जण घसरतात. पाश्चात्त्य सवयीने खाली जोडस्वर लावत गेलात तर आपल्या चालीचा राग बिघडतो. त्यापेक्षा तीच चाल तिथे उतरवा, तीन ओळी उशिरा आणि आवाज ४ वर. देवळाच्या सभामंडपात वाजवल्यासारखी गुंज मिळते. परिणामाच्या रकान्यात ०४७ लिहिलं की सा, ग, प इतक्या भराभर फिरतात की एकाच आवाजातून तिन्ही ऐकू येतात. कोमल गंधार हवा असेल तर ०३७. कॉमोडोरवाल्यांनी ही युक्ती फार वापरली. नांदीच्या शेवटी एकदा ठीक, पण सतत नको, कान किटतात.

आता मृदंग, ज्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करता येत नाही. ती चालू असते किंवा बंद, म्हणून १ ही कळ इथे सारखी लागते. शिवाय तोच स्वर लिहिला तरी ती चौकोनीपेक्षा एक सप्तक खाली वाजते. वाद्याच्या खिडकीत ‘अर्पेजिओ’ला खूण करा आणि १२ ७ ३ ० असे आकडे लिहा. स्वर वरच्या सप्तकात सुरू होऊन सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात खाली घसरतो आणि ‘धुम्’ असा बोल उमटतो. पहिला आकडा वाढवलात तर थाप कडक होते, कमी केलात तर बसकी. त्याच ओळीवर खरखरीच्या रकान्यात एक छोटा ठोका द्या, म्हणजे कातडीवर बोट पडल्याचा भास होतो. झांजेसाठी खरखरीची दुसरी जात निवडा, ती धातूसारखी वाजते. पातळी १२ ८ ५ ३ १ ० अशी उतरवा.

तारसप्तकात जपून. फॅमिकॉमची आवाजाची चिप प्रत्येक स्वर एका पूर्ण आकड्याने ठरवते. ४४० कंपनांच्या स्वराला तो आकडा २५३, एक सप्तक वर १२६. त्याच्याही वरच्या सप्तकात १७६० कंपनं हवी असतात, पण ६३ लिहिलं तर १७४८ मिळतात आणि ६२ लिहिलं तर १७७६. मधे काहीच नाही. तिथे चाल बेसूर लागली तर दोष तुमच्या कानाचा नाही. अख्खी चाल एक सप्तक खाली आणा. ३०८ सारख्या परिणामाने मींडही घेता येते, जी पेटीवर जन्मात शक्य नाही, पण ती मधल्या सप्तकातच गुळगुळीत येते.

दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस दाबत राहा. पावसाळ्यात वीज सांगून जात नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा आधीच मेलेली असते.

शेवटच्या ओळीवर बी०० लिहिलं की चाल पहिल्या पानावर परत जाते. नांदी एकदाच वाजवायची असेल तर ती पहिल्या पानावर ठेवा आणि शेवटी बी०१ लिहा. मग मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐका. मृदंगाचा खालचा घुमारा तिथे नाहीसा झाला असेल तर त्रिकोणीचा रकाना एक सप्तक वर चढवा. खेळवेड्या मित्रासाठी एनएसएफ फाइल काढा, ती गेमच्या इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाजते. बाकीच्यांसाठी वेव्ह, म्हणजे साधी ध्वनिफाइल. वेव्ह काढताना किती फेऱ्या हव्यात ते विचारलं जातं, तिथे २ लिहा. तिसऱ्या फेरीपर्यंत व्हॉट्सॲपवर कोणी थांबत नाही.