साध्या शिपायाचा युद्धपट पारखून कसा पाहावा

एखादा युद्धपट ‘अगदी खरा वाटतो’ असे आपण बहुधा रक्त, धूर आणि स्फोट पाहून म्हणतो. परंतु साध्या शिपायाचे युद्ध खरेपणाने दाखवले आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर पहिली नजर त्याच्या पाठीकडे टाकावी.

१९१६ साली ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेला ‘द बॅटल ऑफ द सॉम’ हा पहिल्या महायुद्धातील फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईवरचा मूकपट यासाठी अवश्य पाहावा. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल यांनी त्यातील बरेचसे चित्रीकरण प्रत्यक्ष आघाडीवर केले. मात्र शिपाई खंदकातून वर चढतात आणि काही जण कोसळतात, ते गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे मुद्दाम घडवून घेतलेले होते, असे अभ्यासक मानतात. चित्र थांबवून पाहिले की त्याची एक खूण आपल्यालाही सापडते: त्या शिपायांच्या पाठीवर ओझेच नाही. लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, खरोखर चाल करून गेलेल्या ब्रिटिश शिपायाच्या अंगावर बंदूक, काडतुसे, पाणी, शिधा आणि खणण्याचे अवजार मिळून सुमारे ३० किलो भार होता. एवढे वजन घेऊन माणूस हरणासारखा उड्या मारीत नाही. चढताना त्याला हात टेकावे लागतात आणि पडला तर चटकन उठता येत नाही. तेव्हा पडद्यावरचा शिपाई धावू लागला, की त्याच्या पिशव्या भरलेल्या आहेत की नुसत्या फुगवलेल्या, हे आधी पाहावे.

त्यानंतर हात पाहावेत. अमेरिकी गॅरँड बंदुकीत एका वेळी ८ काडतुसे मावतात, ब्रिटिश ली-एनफिल्डमध्ये १०, आणि या दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, प्रत्येक गोळीनंतर मागेपुढे करावा लागतो. (आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर अनेक वर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच.) पडद्यावरचा शिपाई बंदूक पुन्हा न भरता याहून अधिक गोळ्या झाडतो का, हे पाहण्यासाठी गोळ्या सरळ मोजाव्यात.

आवाजाकडे तर फार थोड्यांचे लक्ष जाते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरचा स्फोट दिसल्यानंतर तो ऐकू येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागले पाहिजेत. हातबॉम्बमधूनही आगीचा मोठा लोळ उठत नाही. धूळ, धूर आणि उडणारे तुकडे एवढेच दिसते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मधील किनाऱ्यावरचा हल्ला मला आजही हलवून सोडतो, त्यातील कलाकारांनी डेल डाय या अमेरिकेच्या मरीन दलातील निवृत्त अधिकाऱ्याच्या हाताखाली सरावही केला होता. तरीही पाण्याखाली गेलेल्या शिपायांना तेथे गोळ्या ज्या सहजतेने लागतात, ते पटत नाही, कारण वेगवान गोळीचा जोर पाण्यात साधारण मीटरभरातच ओसरतो.

सर्वांत अवघड म्हणजे वाट पाहणे दाखवणे. ‘दास बोट’ (१९८१) या जर्मन चित्रपटात पाणबुडीचा अंतर्भाग खऱ्या मापाने उभारून छायाचित्रकार योस्ट वाकानो यांनी हातातला कॅमेरा घेऊन त्या अरुंद बोळातून धावत चित्रीकरण केले. परंतु तो चित्रपट अंगावर येतो तो लढाईइतकाच खलाशांच्या कंटाळ्यामुळे, वाढत्या दाढ्यांमुळे आणि माथ्यावरून जाणाऱ्या शत्रूच्या जहाजाचा कानोसा घेताना रोखलेल्या श्वासांमुळे.

चित्रपट दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा नायकाला सोडून चौकटीच्या कडेचा एखादा अनाम शिपाई निवडावा आणि अखेरपर्यंत त्याच्याच मागे राहावे: तो केव्हा पाणी पितो, केव्हा झोपतो, आणि चार दिवसांच्या चिखलानंतर त्याचे बूट कसे दिसतात.