कर्करोग प्रतिकारशास्त्रात संशोधक म्हणून पाया कसा घालावा

प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) आधारित कर्करोग-उपचारांच्या संशोधनात येऊ इच्छिणाऱ्याने सुरुवातीलाच एक प्रश्न मनाशी पक्का करावा: प्रतिपिंड कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचल्यावर पुढचे काम नेमक्या कोणत्या पेशी करतात? प्रतिपिंड कशाला चिकटते हे शोधणे आज तुलनेने सोपे झाले आहे. चिकटल्यानंतर काय घडते हे उलगडण्यात मात्र आयुष्यभर पुरेल इतके काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी प्रतिपिंडाच्या दोन्ही टोकांचा अभ्यास करावा. कोलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली, पण ती उंदराची असल्यामुळे माणसाचे शरीर त्यांना परके मानत असे. 1997 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रिटुक्सिमॅब या कर्करोगावरील प्रतिपिंडाचे लक्ष्य ओळखणारे टोक उंदराचे आणि शेपटीचा भाग, म्हणजेच एफसी, मानवी होता. नैसर्गिक मारक पेशी आणि भक्षक पेशी ही शेपटीच पकडतात. म्हणून लक्ष्यपेशी मारायची असेल, तर या पेशींना घट्ट पकडता येणारा आयजीजी-1 हा प्रतिपिंडाचा प्रकार सोयीचा ठरतो. टी-पेशींना आवरणारा पीडी-1 हा रेणू रोखणाऱ्या निवोलुमॅब या प्रतिपिंडात मात्र शेपटीची पकड कमी असलेला आयजीजी-4 हा प्रकार वापरलेला आहे, कारण तेथे टी-पेशीला, म्हणजे गाठीवर हल्ला करू शकणाऱ्या प्रतिकारपेशीला, मारायचे नसून तिच्यावरचा लगाम सोडवायचा असतो.

मूळ शोधनिबंध कालक्रमाने वाचावेत. प्रतिकारशास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांच्या गटाने 1996 मध्ये सीटीएलए-4 हा टी-पेशींवरचा आणखी एक लगाम प्रतिपिंडाने रोखल्यावर उंदरांतील गाठी नष्ट होतात हे दाखवले, आणि पुढे 2018 मध्ये त्यांना पीडी-1 चे संशोधक तासुकु होंजो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु 2013 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की, सीटीएलए-4 रोखणारी हीच प्रतिपिंडे आपल्या शेपटीच्या आधारे गाठीतील नियामक टी-पेशी (इतर प्रतिकारपेशींना आवरणाऱ्या पेशी) कमी करतात आणि परिणामाचा मोठा वाटा त्यातून येतो. माणसांत हे कितपत घडते यावर अजूनही वाद आहे. निष्कर्ष सर्वमान्य झाला तरी त्यामागची यंत्रणा उलगडलेली असेलच असे नाही, आणि नव्या संशोधकाला जागा तेथेच मिळते.

हाताने करण्याच्या कौशल्यांपैकी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रंगीत प्रतिपिंडे लावून एकेक पेशी ओळखण्याचे तंत्र, मी सर्वांत वर ठेवेन. गाठीपासून सुट्या केलेल्या पेशींत मृत पेशी पुष्कळ असतात आणि त्यांना कोणतेही प्रतिपिंड चिकटते. म्हणून मृत पेशी ओळखणारा रंग प्रत्येक वेळी वापरावा. भक्षक पेशीही रंगीत प्रतिपिंडाची शेपटी धरून ठेवतात, त्यामुळे त्या पेशींच्या पृष्ठभागावर नसलेला रेणू असल्याचा भास होतो. हे टाळण्यासाठी आधी एफसी-ग्राही, म्हणजे शेपटी धरणारे पेशीवरचे रेणू, झाकून घ्यावेत. उंदरांना द्यायचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत तयार केले असेल, तर त्यातील एंडोटॉक्सिन मोजल्याशिवाय ते टोचू नये, कारण जिवाणूंच्या या अंशानेच प्रतिकारपेशी चेतवल्या जातात आणि श्रेय प्रतिपिंडाला जाते. आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी दिलेले आणि लक्ष्याला न चिकटणारे प्रतिपिंड, त्याच प्रकारचे आणि त्याच पद्धतीने शुद्ध केलेले असावे.

मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीला एकदा बसून पाहावे. तेथे फसलेले प्रयोग मूळ आकड्यांसह मांडले जात असतील, तर ती जागा चांगली समजावी.

मानवी नमुन्यांवर काम करण्याची संधी लवकर मिळवावी. 2006 मध्ये लंडनमध्ये सीडी-28 या टी-पेशींना चेतवणाऱ्या रेणूला उद्दीपित करणारे टीजीएन-1412 हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले आणि काही तासांतच सर्वांची प्रकृती गंभीर झाली. माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढीच मात्रा त्यांना दिलेली होती. त्या माकडांच्या काही स्मृती टी-पेशींवर (पूर्वीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशींवर) सीडी-28 नसते, माणसांच्या तशाच पेशींवर ते असते, हा फरक नंतर लक्षात आला. म्हणून आपले लक्ष्य माणसाच्या कोणकोणत्या पेशींवर आहे याचा तक्ता, निरोगी ऊतींसह, प्राण्यांवरील प्रयोगाआधीच तयार ठेवावा.

पहिला संशोधन-प्रस्ताव लिहिताना आपली कल्पना खोटी ठरवू शकेल असा एक प्रयोग त्यात अवश्य घालावा. उदाहरणार्थ, शेपटी निष्प्रभ केलेले तेच प्रतिपिंड त्याच मात्रेत देऊनही गाठ तितकीच आटली, तर मारक पेशींवर आधारलेली आपली मांडणी मागे घ्यावी लागेल, हे प्रस्तावातच स्पष्ट शब्दांत नमूद करावे.