रशियन कथेतला ‘बिचारा’ माणूस कसा वाचावा

कथा निवडण्यात वेळ घालवू नका. पुश्किनची ‘स्टेशनमास्तर’ (१८३१, रेल्वेचा नव्हे, घोडे बदलायच्या टपालचौकीचा), गोगोलची ‘ओव्हरकोट’ (१८४२) आणि चेखवची ‘कारकुनाचा मृत्यू’ (१८८३) घ्या. याच क्रमाने वाचा.

नावांची धास्ती घेऊन वहीत तक्ता करत बसणारे पुष्कळ असतात. काही गरज नाही. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आपल्याकडे चालतं तेच.

लक्ष द्यायचं ते हुद्द्याकडे. पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये सरकारी नोकरीची चौदा पायऱ्यांची उतरंड ठरवून दिली. पुश्किनचा विरिन सर्वांत खालच्या, चौदाव्या पायरीवर आहे आणि गोगोलचा अकाकी अकाकियेविच नवव्या. प्रत्येक प्रसंगात कोण कोणापुढे वाकतंय ते समासात टिपा.

आता अवघड पायरी. या कथा वाचून बहुतेक जण ‘सामान्य माणसाची करुण कहाणी’ एवढं लिहून मोकळे होतात, आणि परीक्षेची गाईडंही तेच लिहायला सांगतात. मला हा सल्ला अजिबात मान्य नाही. दया येऊ द्या, पण ती आली की वाचक बघायचंच थांबतो. मलाही ही सवय मोडायला बराच काळ लागला. उपाय एकच: कथा दुसऱ्यांदा वाचायची आणि या वेळी नायकाला सोडून इतरांवर नजर ठेवायची.

चेखवच्या कथेत चेर्व्याकोव्ह नाटकगृहात शिंकतो आणि समोर बसलेल्या जनरलवर तुषार उडतात. तो माफी मागतो. जनरल म्हणतो, काही हरकत नाही. तो मध्यंतरात पुन्हा माफी मागतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत गाठून पुन्हा, त्यानंतर आणखी. शेवटी जनरल खेकसतो, आणि हा घरी येऊन गणवेशासकट सोफ्यावर पडतो नि मरतो. ‘जुलमी साहेबाने गरिबाचा जीव घेतला’ असं लिहायचं असेल तर आधी जनरलची वाक्यं वेगळी काढून वाचा. माणूस त्रासलेला आहे, क्रूर नाही. शिवाय तो चेर्व्याकोव्हच्या खात्याचा साहेबही नाही. हे कळल्यावर बायकोची काळजी मिटते, नवऱ्याची मात्र नाही. इथली भीती वरून लादलेली नाही, ती कारकुनाच्या अंगात मुरलेली आहे. दयेत अडकलेल्या वाचकाला हे दिसतच नाही.

विरिनचंही तसंच. त्याची मुलगी दून्या एका घोडदळाच्या अधिकाऱ्याबरोबर निघून जाते. बापाच्या खोलीत उधळ्या पुत्राच्या बायबलमधल्या गोष्टीची (घर सोडून गेलेला मुलगा कंगाल होऊन बापाकडे परततो) चित्रं टांगलेली आहेत, आणि मुलीचं आयुष्यही तो त्याच चित्रांवरून वाचतो: आज रेशमात, उद्या रस्त्यावर. या घोरात तो पिऊन पिऊन मरतो. पुढे दून्या येते ती सहा घोड्यांच्या गाडीतून, तीन मुलांना घेऊन, आणि बापाच्या थडग्यावर पडून राहते. हे शेवटचं पान गाळून ‘फसवलेल्या मुलीची कथा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

‘ओव्हरकोट’मध्ये सावधगिरी जास्त हवी, कारण गोगोल दया स्वतःच वाढतो आणि लगेच चेष्टाही करतो. वर्षाला चारशे रूबल पगार; ऐंशी रूबलच्या कोटासाठी अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, बूट झिजू नयेत म्हणून चवड्यांवर चालतो. कोट चोरीला गेला, तो मेला, की पुस्तक मिटू नका. त्याचं भूत लोकांचे कोट हिसकावत फिरतं आणि अखेर त्याला झापणाऱ्या बड्या साहेबाची कॉलर धरतं. त्यानंतर साहेब हाताखालच्यांवर जरा कमी डाफरतो. जरा कमी, एवढंच! गोगोलचा सगळा तिरकसपणा त्या ‘जरा’मध्ये आहे.

हे झालं की कथेचा विषय लिहायला बसा. दोन ओळी पुरतात.

सरावाला चेखवची ‘सरडा’ (१८८४) घ्या. कुत्रा चावल्याची तक्रार आहे, कुत्रा कोणाचा हा प्रश्न आहे, आणि पोलीस अधिकारी ओचुमेलोव्ह एकदा गरम होतंय म्हणून कोट काढायला लावतो, एकदा थंडी वाजतेय म्हणून चढवायला. दोन्ही वेळा त्याच्या आधी गर्दीतून काय ऐकू आलं, ते पेन्सिलने अधोरेखित करा.