एसएसएच की टाकली, तरी पासवर्ड मागतोय? या चुका टाळा

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायची पद्धत, आणि की म्हणजे त्यासाठी पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल. की तयार केली, सर्व्हरवर टाकली, एंटर मारला आणि समोर पुन्हा तोच पासवर्डचा प्रश्न. अशा वेळी बरेच जण नवी की बनवायला घेतात. थांबा, की बहुतेक ठीकच असते.

घोळ असतो परवानग्यांत, म्हणजे कोणाला काय वाचता-लिहिता येतं यात. सर्व्हरवरच्या डॉट-एसएसएच फोल्डरला ७०० (सगळे अधिकार फक्त मालकाला), आतल्या ऑथराइज्ड-कीज या मान्य कींच्या फाइलला ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला), हे सगळ्यांना पाठ असतं. होम फोल्डरकडे मात्र कोणी बघत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. सहकाऱ्यांना फाइली टाकता याव्यात म्हणून मीच कधीतरी होमला ७७५ दिलं होतं. ग्रुपला तिथे लिहिता येतंय म्हटल्यावर सर्व्हर आतल्या कीवर विश्वासच ठेवेना. ७५५ करून ग्रुपचं लिहिणं काढलं आणि लगेच आत. सर्व्हरची ही तपासणी, म्हणजे स्ट्रिक्टमोड्स, बंद करूनही हे भागतं, पण तसं करू नका.

त्या संध्याकाळी मी चुकीच्या मशीनवर शोधत बसलो होतो, हे खरं दुखणं. आपल्या बाजूने व्हर्बोज (तपशील दाखवणारा पर्याय) लावून कितीही वाचा. की पुढे केली, ती चालली नाही, आता पासवर्ड, एवढंच कळतं. की का नाकारली, ते सर्व्हर स्वतःच्याच लॉगमध्ये लिहितो. उबुंटूवर व्हार-लॉगमधली ऑथ-लॉग फाइल उघडा, रेड हॅटच्या घराण्यात तीच सिक्युअर नावाने असते. नव्या डेबियनवर यातलं काही नसेल तर जर्नल-सीटीएल ही नोंदी दाखवणारी कमांड. 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' आणि पुढे नेमका फोल्डर, असं तिथे सरळ छापलेलं असतं.

की हाताने चिकटवू नका; मध्येच ओळ तुटली तर ती बाद. की सर्व्हरवर नेऊन ठेवणारी एसएसएच-कॉपी-आयडी कमांड आहे ना! आणि की बनवताना सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावलात तर ती रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, घरी जाऊन बसते, मग आपल्या फोल्डरात शोधत बसा.

एजंटमध्ये (की सांभाळून आपोआप पुढे करणारा प्रोग्राम) सात-आठ की भरल्या असतील तर योग्य कीचा नंबर लागण्याआधीच सर्व्हर हाकलून देतो, कारण त्याची मर्यादा मुळात ६ प्रयत्नांची. आपल्या मशीनवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या होस्टसाठी आयडेंटिटी-फाइल म्हणून योग्य की देऊन आयडेंटिटीज-ओन्ली 'येस' करा, म्हणजे तीच पुढे केली जाते.

पासवर्ड लॉगिन बंद करताना चालू खिडकी मिटू नका. सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी ती तुटत नाही. दुसऱ्या खिडकीतून कीने आत शिरून बघा, मगच पहिली सोडा. उबुंटूच्या क्लाउड इमेजवर (क्लाउड सर्व्हरसाठीची तयार आवृत्ती) बंद करूनही पासवर्ड चालत राहिला, तर एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरमधली क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना मांडणी करणारा प्रोग्राम) फाइल बघा. तीत 'येस' असेल तर तेच लागू होतं, कारण ती आधी वाचली जाते आणि इथे पहिली नोंद जिंकते.